आज्जीची स्मरणपुस्तिका: बांधणी झकास, फोटो नापास

समोर आहे ती ए-५ आकाराची, २४ पानं अधिक कव्हर अशी पुस्तिका. आतला कागद १३० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम) गुळगुळीत आर्ट पेपर, कव्हर ३०० जीएसएमचं, त्यावर मॅट लॅमिनेशन, मधोमध दोन पिना, प्रती २००. बेळगावातल्या एका छापखान्याने हे काम 'पॅकेज' म्हणून घेतलं होतं: जुन्या फोटोंची दुरुस्ती, मजकुराची जुळणी, छपाई आणि जोडीला भिंतीवर लावायची १२ बाय १५ इंची फ्रेम. पुस्तिका आहे सरकारी दवाखान्यात उभा जन्म काढलेल्या एका नर्स आज्जीची. वर्षश्राद्धाला आलेल्यांना वाटायला केलेली. छापखान्याचं नाव मुद्दाम देत नाही. यातल्या चुका त्या एकट्याच्या नाहीत, असं काम घेणाऱ्या बहुतेकांकडे थोड्याफार फरकाने त्याच होतात. निम्म्या चुका तर गिऱ्हाइकाने न विचारल्यामुळे होतात.

निकाल आधीच सांगतो. कागद आणि बांधणी पाचपैकी चार. मजकूर अडीच. फोटो एक, आणि तो एकही स्कॅनिंग नीट केलं म्हणून.

कव्हरवरचा फोटो ट्रेनिंग संपल्यावरच्या ग्रुप फोटोतून काढलेला आहे. असे फोटो नर्स असलेल्या बऱ्याच घरांत सापडतात: करड्या पुठ्ठ्यावर चिकटवलेले, मधल्या खुर्च्यांवर मेट्रन आणि डॉक्टर, मागे तीन रांगांत मुली. यात प्रत्येकीचा चेहरा जेमतेम एक सेंटिमीटर. छापखान्याने १२०० डीपीआयने (म्हणजे इंचाला १२०० ठिपके) स्कॅन केलं, ते बरोबर. पण आता हिशेब बघा. एक सेंटिमीटर चेहरा १२०० डीपीआयला साधारण ४७० पिक्सेल होतो. छपाईला ३०० डीपीआय लागतात, म्हणजे तो चेहरा स्वच्छ छापला तर चार सेंटिमीटरपर्यंत जातो. कव्हरवर तो नऊ सेंटिमीटर केला आहे. मधली तूट भरून काढली एआयने. एआयकडे आज्जीचा चेहरा नाही, हजारो इतर चेहऱ्यांची सरासरी आहे. तीच त्याने बसवली.

त्यामुळे काय काय बदललं ते मूळ फोटो शेजारी ठेवल्यावर कळतं. रंग दोन छटा उजळ झाला. कुंकू होतं तिथे टिकलीएवढा ठिपका आला. टोपीवरच्या पट्ट्या पुसल्या गेल्या. काही नर्सिंग शाळांत त्या पट्ट्यांवरून मुलगी कितव्या वर्षाला आहे ते कळायचं, म्हणजे पुसली गेली ती माहिती होती. सगळ्यात वाईट गत झाली घड्याळाची. डाव्या छातीला उलटं टांगलेलं घड्याळ मूळ फोटोत अगदी साफ दिसतं. नर्सेस ते तिथे लावत, कारण मनगट मोकळं राहिलं की हात कोपरापर्यंत धुता येतात, आणि उलटं अशासाठी, की खाली बघितलं की लावणारीला ते सुलटं दिसतं. नाडी मोजताना एका हाताची बोटं पेशंटच्या मनगटावर, नजर सेकंद काट्यावर. एआयने त्या घड्याळाचं फुलाचं ब्रोच केलं. ज्या वस्तूवरून ही बाई नर्स आहे हे शब्दाविना कळलं असतं, नेमकी तीच गेली.

वर रंगही भरले आहेत. पांढऱ्या गणवेशाला फिकट निळी झाक आली, का ते कुणी सांगू शकणार नाही. कृष्णधवल फोटो कृष्णधवलच राहू द्या. फक्त तो चार रंगांत छापला, की कुठे हिरवट तर कुठे गुलाबी झाक मारतो. आतल्या पान ९ आणि १४ वर तेच झालंय. म्हणून छापताना 'फक्त काळ्या शाईत घ्या' असं स्पष्ट सांगावं लागतं.

मग करायला काय हवं होतं? कव्हरवर सगळा ग्रुप फोटो आडवा घ्यायचा, आणि आज्जी कोणती ते आतल्या पानावर 'मागून दुसरी रांग, डावीकडून चौथी' असं लिहायचं. मोठाच चेहरा हवा असेल तर निवृत्तीच्या सुमाराचा पासपोर्ट फोटो शोधायचा. पेन्शनच्या कागदांत, बँकेच्या पासबुकात किंवा सर्व्हिस बुकाच्या पहिल्या पानावर तो असतो. दुरुस्ती कुठवर चालते? ओरखडे, डाग, घडीची रेघ काढणं ठीक. चेहऱ्याला हात लावायचा नाही, हे ऑर्डर देतानाच कागदावर लिहून द्यायचं. तोंडी सांगितलेलं काउंटरवर राहतं, कॉम्प्युटरवर बसलेल्या पोराच्या कानापर्यंत जात नाही.

आणि फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवू नका. तो दाबून लहान होतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर अल्बम घेऊन जा आणि समोर उभं राहून स्कॅन करून घ्या. फाइल टिफमध्ये (फोटोचा दर्जा न घटवणारा प्रकार) मागा. १९७०-८० च्या सुमाराचे काही रंगीत फोटो रेशमी किंवा जाळीदार पोताच्या कागदावर आहेत. ते स्कॅनरमध्ये ठिपकेदार येतात. यावर एक जुनी युक्ती आहे: एकदा सरळ स्कॅन करायचा, मग फोटो १८० अंशांत फिरवून पुन्हा, आणि दोन्ही एकमेकांवर बसवून सरासरी काढायची. पोताची सावली दोन्हीकडून उलट पडते, म्हणून ती कटते. पाच मिनिटांचं काम आहे, पण विचारल्याशिवाय कुणी करत नाही.

आपल्या पावसाचाही विचार करायला हवा. बेळगावजवळच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यातल्या घरांत जुन्या फोटोंना दोन रोग हमखास. एक, फोटो काचेला चिकटणं. फोटोवरचा जिलेटिनचा थर ओलाव्याने फुगतो आणि काच धरतो. ओढला तर चेहऱ्याचा पापुद्रा काचेवर राहतो. तसा फोटो काचेसकटच स्कॅन करायचा. दुसरा रोग बुरशीचा, पांढऱ्या कोळ्याच्या जाळ्यासारखी. बुरशी जिलेटिन खाते, आणि खाल्लेला थर पाण्यात विरघळतो. म्हणजे ओल्या फडक्याने पुसायला गेलात तर बुरशीबरोबर फोटोही निघाला. आधी कोरड्या जागी ठेवून पूर्ण सुकवायचा आणि मऊ ब्रशने हलक्या हाताने झटकायचा, तोही घराबाहेर आणि तोंडाला मास्क लावून. या पुस्तिकेतल्या पान ११ च्या फोटोवर पाण्याने पुसल्याचा धुरकट पट्टा आहे. तो घरी झाला की दुकानात, कळायला मार्ग नाही, पण ज्याने कुणी पुसलं त्याने सहा इंचात तीन माणसं घालवली.

पान ६ वर नर्सिंगच्या सर्टिफिकेटचा फोटो आहे, चकचकीत आणि मधे पांढरा झगमगाट. कारण मूळ सर्टिफिकेट गरम लॅमिनेशन करून ठेवलेलं. हे पॅकेजमध्ये 'फ्री' असतं, आणि फुकटातलं हेच सगळ्यात महाग पडतं. गरम लॅमिनेशन परत निघत नाही. उठावाचा शिक्का सपाट होतो, जुनी शाई पसरू शकते. जुना कागद पारदर्शक पॉलिस्टरच्या सुट्या पाकिटात ठेवा, तीन बाजू बंद आणि एक उघडी. आणि अशा कागदाचा फोटो छापताना नोंदणी क्रमांक, पेन्शनचा आकडा, घरचा पत्ता झाकायचा. २०० प्रती कुठे कुठे जाणार, कुणाच्या हाती पडणार, काही सांगता येत नाही.

आता मजकूर. भाषा साधी आहे, अनावश्यक विशेषणांचा हार नाही, हे आधी मान्य करू. पण तारखा आणि नावं कुणी तपासलेली नाहीत. पान ५ वर लिहिलंय, 'सन १९६२ मध्ये कर्नाटक शासनाच्या आरोग्य सेवेत रुजू'. त्या साली कर्नाटक नावाचं राज्यच नव्हतं. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, तिथून म्हैसूर राज्यात गेलं, आणि त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं ते १ नोव्हेंबर १९७३ ला. गंमत म्हणजे समोरच्याच पानावरच्या नेमणुकीच्या कागदावर 'म्हैसूर' असं छापलेलं दिसतंय. सीमाभागातल्या त्या पिढीच्या नर्सच्या कागदांत हे हमखास सापडतं: ट्रेनिंग मुंबई राज्यातलं, नेमणूक म्हैसूरची, पेन्शन कर्नाटकाची. तीन राज्यं बदलली, बाई मात्र त्याच तालुक्यात. हे नीट मांडलं असतं तर ते पान पुस्तिकेतलं सर्वांत बोलकं पान झालं असतं.

पान ७ वर 'सन १९८८ मधील पल्स पोलिओ मोहीम' आहे. देशभरातली पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली १९९५ मध्ये, आणि याच पुस्तिकेप्रमाणे आज्जी १९९१ ला निवृत्त. मग १९८८ ला काय चाललं होतं? १९८५ पासून देशात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला होता, त्यात तोंडाने द्यायचा पोलिओ डोस होता. आज्जीने दिला तो हा. पोलिओ म्हटलं की सगळ्यांना पल्स पोलिओच आठवतो, तिथे गफलत होते. तारीख नक्की नसेल तर साल न घालता 'लसीकरणाच्या दिवशी' एवढं लिहिलेलं परवडलं.

पदाचंही तसंच. पुस्तिकेत सगळीकडे 'परिचारिका' हा एकच शब्द. गावात सगळ्यांनाच नर्सबाई म्हणतात, ते ठीक. पण छापताना स्टाफ नर्स, वॉर्डची सिस्टर इनचार्ज, मेट्रन, उपकेंद्रावरची एएनएम (सहायक नर्स-दाई), तिच्या कामावर देखरेख करणारी एलएचव्ही (लेडी हेल्थ व्हिजिटर) ही वेगवेगळी आयुष्यं आहेत. सिव्हिलच्या वॉर्डात रात्रपाळी करणाऱ्या बाईचा दिवस आणि चार-पाच वाड्या पायी फिरून लस टोचणाऱ्या बाईचा दिवस यांत काही सारखं नाही. सर्व्हिस बुकात बढती, बदली, रजा सगळं तारखेसह असतं. दोन पानांचा तक्ता त्यातून अर्ध्या तासात निघतो. तो इथे नाही. त्या जागी 'रुग्णसेवेचा वसा घेतला' आहे, जे कुणाही नर्सच्या पुस्तिकेत बसेल.

काम कसं होतं, हे विचारून लिहून घेतलं असतं तर? काचेची सिरिंज आणि सुया सुट्या करून उकळी आल्यापासून २० मिनिटं उकळायच्या, एकच सुई दहा जणांना वापरायची नाही, सुईचं टोक बोथट झालं की दगडावर घासून धार लावायची. देवीची लस दोन दातांच्या सुईने द्यायची, दंडावर १५ टोचे, रक्ताचा थेंब दिसला की बसली म्हणायचं. देशातला देवीचा शेवटचा रोगी १९७५ मध्ये सापडला आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त ठरला. दंडावर तो वण असलेली माणसं वर्षश्राद्धाला आलेल्या मंडळींतच बसलेली असतात. बाळंतपणाला जाताना नर्सच्या पिशवीत काय असायचं, नाळ कापायचं ब्लेड आणि बांधायचा दोरा कसा निर्जंतुक करायचा, गरोदर बाईला धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला सासूची समजूत कशी काढायची, हे सांगणारी एखादी सहकारी नर्स अजून हयात असते. तिच्याकडे फोन रेकॉर्डरवर ठेवून तासभर बसा. पुस्तिकेत नातेवाइकांची अकरा मनोगतं आहेत आणि तिच्याबरोबर नोकरी केलेल्या एकाही बाईचं नाही. संपादनातली सर्वांत मोठी चूक ही. ती छापखान्याची नाही, घरच्यांची.

एक पान कानडीत आहे, आणि ते असायलाच हवं. वॉर्डातले निम्मे पेशंट कानडी, आज्जीचे शेजारी कानडी. पण ते पान मराठी मजकुरावरून मशीनने भाषांतर करून घेतल्यासारखं वाटतं, आणि गावांची नावं दोन ठिकाणी बिघडली आहेत. कानडी वाचणाऱ्याकडून वेगळं प्रूफ वाचून घ्या. मजकूर नुडी या कानडी सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटात आहे की युनिकोडमध्ये, तेही आधी विचारा. फाँट बदलला की जोडाक्षरांची वाट लागते.

मराठीची वाट तर लागलीच आहे. घरच्यांनी फोनवर युनिकोडमध्ये लिहून दिलं, छापखान्यात काम कोरल या जुळणीच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत आणि जुन्या फाँटात. बदलताना पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर बसली, 'ॲ' गळाला, आणि 'दुसऱ्या', 'बिचाऱ्या' मधला अर्धा र मोडला. अशा चुका पान ३ पासून पान २० पर्यंत १७ मोजल्या. शिवाय ल आणि श हिंदी वळणाचे आलेत. मराठी वाचणाऱ्या डोळ्याला ते पायात खडा आल्यासारखे टोचतात. बऱ्याच युनिकोड फाँटांत मराठी वळण असतं, भाषा 'मराठी' निवडली की येतं. जुन्या फाँटात ते नसेल तर फाँटच बदलायला सांगा. प्रूफ मोबाइलवर बघू नका. कागदावर काढून घ्या, एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवायचं.

बांधणीबद्दल मात्र तक्रारीला जागा कमी. पानं चारच्या पटीत, त्यामुळे शेवटी कोरी पानं नाहीत. घडी घालण्याआधी कव्हरला खाच मारली आहे, म्हणून पाठीवर रंग तडकलेला नाही. टोनरने छापलेल्या कव्हरला हे केलं नाही तर घडीवर पांढरी रेघ उमटते. २०० प्रतींना डिजिटल छपाईच योग्य. पाचशेच्या पुढे गेलात तर ऑफसेटचा विचार करा, कारण तिथे प्लेटचा खर्च जास्त प्रतींवर वाटला जातो. ६४ पानांच्या पुढे गेलात तर पिना सोडून गोंदाची बांधणी लागेल. तेव्हा आर्ट पेपर घेऊ नका. त्याच्या गुळगुळीत थरावर गरम गोंद नीट धरत नाही आणि मधली पानं हातात येतात. मजकुरासाठी साधा मॅपलिथो (बिनचकाकीचा कागद) घ्या, फोटोंची पानं वेगळी बांधा. खरं तर या पुस्तिकेलाही मॅपलिथो शोभला असता. १३० चा चकचकीत कागद म्हाताऱ्या माणसांना दिव्याखाली वाचता येत नाही, आणि वाचणारे बरेचसे म्हातारेच.

एक उणीव बांधणीतही आहे. कव्हरला लॅमिनेशन फक्त बाहेरून, त्यामुळे जून उजाडला की आतली बाजू ओल पिते, बाहेरची पीत नाही, आणि कव्हर बाहेरच्या बाजूला वाकडं होतं. परीक्षणाच्या प्रती पावसाळ्यातल्या आहेत, सगळ्यांनी कमान टाकली आहे. पिनाही साध्या लोखंडी, दोन प्रतींत गंजाचा पिवळा ठसा उतरलाय. गॅल्व्हनाइज्ड तार मागितली तर मिळते, दरात फरक नगण्य.

फ्रेम दिसायला देखणी, पण काच थेट फोटोवर टेकलेली. म्हणजे वर सांगितलेला चिकटण्याचा रोग विकत घेतला. मधे दोन मिलिमीटर जाडीचा माउंट (फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) हवा, तोही आम्लविरहित पुठ्ठ्याचा. साध्या पुठ्ठ्याने फोटोला काही वर्षांत पिवळी कड येते. पाठीला एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) आहे, ते ओलीने फुगतं. खालच्या दोन कोपऱ्यांना मागे रबराच्या गुंड्या लावल्या की भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळते. पावसाचा मारा बसणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर फ्रेम टांगू नका. ताज्या फुलांचा हार संध्याकाळी काढायचा. रात्रभर राहिला की देठांचं पाणी काचेच्या कडेने आत झिरपतं.

अशा पॅकेजांत निधनाच्या वेळी मिळणारा फ्लेक्स आणि दैनिकातली श्रद्धांजलीची जाहिरात यांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. जाहिरातीत रक्षाविसर्जनाची वेळ आणि ठिकाण पुन्हा पुन्हा तपासा, एवढं पुरे.

वेळेचं सांगायला हवं. बाराव्यापर्यंत पुस्तिका द्या म्हणून छापखान्याच्या मागे लागणारे बरेच. तेवढ्यात होते ती फक्त टेम्प्लेट. कुणाचा तरी जुना मजकूर, नाव बदलून. बाराव्याला चार पानी घडीचं कार्ड करा: एक फोटो, जन्म-मृत्यूच्या तारखा, नोकरीची ठिकाणं. पुस्तिका वर्षाला. कागद शोधायला दोन महिने, लोकांशी बोलायला एक, जुळणीला तीन आठवडे, दोन प्रूफं आणि छपाईला दहा दिवस धरले तरी हातात वेळ उरतो. माहेरचं नाव आणि सासरचं नाव दोन्ही छापा. सर्टिफिकेटवर माहेरचं असतं, पेन्शनवर सासरचं, आणि बरोबरीच्या नर्सेसना ती माहेरच्याच नावाने आठवते.

पैसे देण्याआधी ओपन फाइल (पुन्हा दुरुस्त करता येणारी), पीडीएफ आणि सगळे स्कॅन पेन ड्राइव्हवर मागून घ्या. इथे ते दिलेच नाहीत. मागितले तेव्हा कळलं, जागा कमी पडते म्हणून छापखान्यात जुनी कामं दर काही महिन्यांनी उडवतात. आता दुरुस्त आवृत्ती काढायची म्हटली तर ग्रुप फोटो पुन्हा पुठ्ठ्यासकट स्कॅनरवर ठेवावा लागेल. तो शाबूत आहे हेच नशीब.